आखूडशिंगी

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक दावा. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी बांधावरचा एक फणस आमचा की शेजाऱ्यांचा, हा प्रश्न पणजोबांनी कोर्टात नेला, आजोबांनी तो जिवापाड जपला आणि वडिलांनी तो आपसांत मिटवून आम्हाला पोरकं केलं. बाकी वारसा म्हणायचा तर आजीचं पितळी ताम्हन, आजोबांच्या चष्म्याचं रिकामं घर आणि खाती बंद झालेली वडिलांची पासबुकं. यातली एकही वस्तू आमच्यापैकी कोणी हातानं केलेली नाही. आमच्या हातांनी फक्त सह्या केल्या. मीही उभा जन्म बँकेत काढला. घरात खिळा ठोकायचा झाला तर आमच्याकडे माणूस बोलावतात, आणि तो येईपर्यंत हातोडी माझ्यापासून लांब ठेवतात.

अशा घरातल्या लेकीनं पेनसिल्व्हेनियातला मुलगा पसंत केला, तेव्हा मी मुलाचं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, दारू-सिगरेट विचारली. मुलाचे वडील फावल्या वेळात काय करतात, हे विचारायचं राहून गेलं.

आमचे व्याही लँकेस्टर काउंटीत राहतात. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस पहिल्याच भेटीत मला नावानं हाक मारून मोकळा झाला. मला नुसत्या नावानं हाक मारणारं कोणी आई गेल्यापासून उरलं नव्हतं, त्यामुळे मी आधी मागे वळून बघितलं. मानपान नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत. व्याही या पदाला काही किंमतच नाही तिथे.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही उभयता गेलो. उभयता म्हणजे बायको कामासाठी आणि मी सामानासाठी. डिंक, अळीव, बाळंतशेप, टाळू भरायचं तेल हे सगळं सुखरूप पोचवलं की माझं काम संपलं. नातू झाला, घरात बायकांचं राज्य सुरू झालं आणि मी जिथे बसेन तिथे बाळाचे कपडे वाळत घालायची जागा निघू लागली. शेवटी विहीणबाईंनीच तोडगा काढला. त्यांचं घर दहा मिनिटांवर. त्या येऊन मला आपल्या नवऱ्याकडे, तळघरात सोडून गेल्या.

तळघराच्या भिंतीवर शिंगं होती. गवा मारून मुंडकं टांगतात तशातली नव्हेत. गाईबैलांची, घासून गुळगुळीत केलेली, पिवळसर, काही तर इतकी पातळ की मागे दिवा लावला की आतून उजेड दिसावा. बुडाला लाकडी झाकण, टोकाला बूच, खांद्यावर अडकवायला पट्टा. प्रत्येक शिंगाखाली एक छोटी सुरी. ही शिंगं बंदुकीची बारूद ठेवण्यासाठी.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात बारूद सुटी मिळे आणि ती अंगावर वागवावी लागे. शिंगाएवढं सोयीचं भांडं दुसरं नव्हतं. वजनाला हलकं, पाऊस आत शिरत नाही, आणि दगडावर आपटलं तरी ठिणगी पडत नाही. बारूद त्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात घ्यायची, माप नळीत रिकामं करायचं, मग तेल लावलेल्या चिंधीवर गोळी ठेवून गजानं ठासायची. त्या चिंधीची जादा कड कापायला ती छोटी सुरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर धातूची काडतुसं आली आणि शिंगांचं काम संपलं. पण पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक मोसम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवला आहे, १९७४ पासून. आणि ठासणीच्या बंदुका उडवणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे. तिचे सभासद आपापल्या बंदुका घेऊन इंडियाना राज्यातल्या ज्या गावी जमतात त्या गावाचं नाव फ्रेंडशिप. व्याह्यांनी हे सगळं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

मग त्यांनी एक शिंग खाली काढलं. नवंच होतं, पण नक्षी जुन्या वळणाची. अमेरिकेत १७५४ ते १७६३ या काळात इंग्रज आणि फ्रेंच लढत होते, तेव्हा छावण्यांत महिनोन्‌महिने बसून असलेल्या सैनिकांनी सुईनं, चाकूच्या टोकानं आपापल्या शिंगांवर कोरीवकाम केलं. हडसन आणि मोहॉक नद्यांचे नकाशे, वाटेतले किल्ले, गलबतं, पशुपक्षी. काहींचा हात इतका चांगला की इतर सैनिक आपली शिंगं त्यांच्याकडे कोरायला देत. मॅसॅच्युसेट्सचा जॉन बुश नावाचा एक कृष्णवर्णीय सैनिक १७५५-५६ च्या सुमारास लेक जॉर्जकाठच्या छावणीत अशी वळणदार अक्षरं कोरायचा की त्याच्या हातची म्हणून ओळखली जाणारी शिंगं आज संग्रहालयांत आहेत. पुढे १७५७ साली तो फ्रेंचांच्या हाती सापडला आणि कैदेतच गेला. मजकूर बहुतेक शिंगांवर ठरावीक: अमक्याचं शिंग, मुक्काम अमुक, साल अमुक.

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मुक्काम, साल, नाव! आमच्या फडताळातल्या प्रत्येक पातेल्यावर, तांब्यावर, पोहे परतायच्या झाऱ्यावरसुद्धा हेच असतं. फरक इतकाच की आमच्याकडे भांडीवाला ते विजेच्या यंत्रानं कर्रकर्र करून एका मिनिटात घालून देतो आणि शेवटी 'सप्रेम भेट' लिहितो.

त्यांच्या घराण्याची रीत अशी की मूल जन्मलं की आजोबानं त्याच्या नावाचं एक शिंग आणि एक सुरी करायची आणि मूल मोठं झालं की त्याच्या हाती द्यायची. भिंतीवरच्या एका सुरीचं पातं धार लावून लावून इतकं झिजलं होतं की आता ती जेमतेम पत्र उघडायच्या कामाची होती. ती त्यांच्या आजोबांनी केलेली.

आता इथे मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण समोरच्यानं आजोबांची सुरी काढली की आपणही काहीतरी काढावं असं माणसाला वाटतंच, आणि माझ्यापाशी चष्म्याचं घर सोडून काही नव्हतं. म्हणून मी म्हणालो, ठासणीची बंदूक ना, आमच्या गावी आहेत की अजून.

हे अक्षरशः खरं होतं. कोकणात रानडुकरं आणि माकडं पिकाचा फडशा पाडतात म्हणून शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका मिळत आल्या आहेत, आणि निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमच्या काकांकडेही एक होती. काका ती उडवायचे तेव्हा मला माजघरात नेऊन कानात बोळे घालून बसवत, एवढा तपशील मात्र मी गाळला. व्याह्यांचे डोळे विस्फारले. ते ज्याचा छंद करत होते ते मी जगत आलो होतो! त्यांनी कपाटातून एक कोरं शिंग काढलं, हातभर लांब, सुरेख वळणाचं, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. यावेळी सुरी ते करणार होते. शिंग दुसऱ्या आजोबांनी करायचं.

संध्याकाळी मी शिंग घेऊन घरी आलो, तर बायकोनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"अहो, गाईचं आहे का ते?"

"बैलाचं," मी ठोकून दिलं.

बायकोचं माहेर वऱ्हाडातलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात. भोकं नाही पाडत."

"बाबा, तुम्ही तिथे फक्त बघा हं," लेक आतून म्हणाली. तिला माझ्या हातोडीचा इतिहास माहीत होता.

शिंगाचं तंत्र ऐकायला सोपं आहे. शिंग बुडाकडून पोकळ असतं आणि टोकाकडची काही बोटं भरीव. पोकळी कुठवर आहे ते पाहायला आत एक तार सरकवायची. जिथे अडेल तिथे बाहेरून खूण करायची. मग टोकाकडून त्या खुणेच्या रोखानं गिरमिट चालवायचं, की भोक पोकळीला जाऊन मिळतं आणि बारूद ओतायची वाट तयार होते. शिंगाचं वळण लक्षात घेऊन गिरमिट तिरकं धरायचं, एवढंच काय ते कौशल्य. व्याह्यांनी हे दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली. शिंग शेगड्यात, म्हणजे त्या लाकूड पकडायच्या यंत्रात, आवळलं आणि ज्या नाकासमोरच्या चालीनं आयुष्यभर नोकरी केली त्याच चालीनं गिरमिट सरळ आत घातलं.

केस जळल्याचा वास सुटला. केस, नखं आणि शिंगं एकाच द्रव्याची, हे मला तेव्हा नाकानं समजलं. पांढरा, मऊ भुसा चक्री होऊन बाहेर येत होता. काम फारच झकास चाललंय असं वाटत असतानाच माझ्या डाव्या अंगठ्याशेजारी शिंगाच्या कुशीवर एक बारीकसा उंचवटा आला, तो क्षणभर पांढरा पडला आणि त्यातून गिरमिटाच्या टोकानं डोकं बाहेर काढलं. भोक टोकात शिरून कुशीतून निघालं होतं. पोकळीशी त्याचा काहीही संबंध आला नव्हता. सुतळी ओवून शिंग खुंटीला टांगता आलं असतं, बाकी उपयोग शून्य. राजगडाच्या सुवेळा माचीवर असं आरपार नेढं आहे आणि ते बघायला लोक धापा टाकत चढून जातात. माझं नेढं बघायला फक्त व्याही आले.

"शिंगच वाकडं आहे," मी म्हणालो.

ते थोडा वेळ शिंगाकडे पाहत राहिले. "हो," ते म्हणाले, "शिंगं तशीच असतात."

त्यांनी करवतीनं नेढ्याखाली टोक छाटलं. आता भरीव भाग कमी उरला होता, म्हणजे काम आणखी सोपं. शिवाय मला अनुभव होता. मागच्या वेळी गिरमिट उजवीकडे गेलं, म्हणून यावेळी मी ते कसोशीनं डावीकडे धरलं. ते डाव्या कुशीतून बाहेर आलं. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या. बँकेत यावर शेरा मारून पुस्तक मिटता आलं असतं.

पुन्हा करवत. यावेळी छाट पोकळीतच लागली, त्यामुळे भोक पाडायची गरजच उरली नाही. ते आपोआप पडलं होतं, जरा रुंद इतकंच. "प्रश्न सुटला," मी म्हणालो. व्याह्यांनी मान हलवली, ती होकारार्थी होती असं मी धरून चाललो.

पुढचं काम बुडाचं. शिंगाचं बूड मुळात पुरतं गोल नसतं. लाकडी झाकण चपखल बसायचं तर ते गोल करावं लागतं. त्यासाठी शिंग उकळत्या पाण्यात ठेवून मऊ करायचं आणि गरम असतानाच त्यात निमुळता लाकडी ठोकळा दाबायचा. थंड होताना शिंग त्या आकारात घट्ट होतं. हा कार्यक्रम अंगणात होतो, कारण विहीणबाईंनी त्या वासाला घरात कायमची बंदी केलेली आहे. ठोकळा बेताबेतानं दाबायचा असतो. मी जाड हातमोजे घातले होते, शिंग हातात भाजत होतं, आणि थंड व्हायच्या आत काम उरकायचं या घाईत मी ठोकळ्यावर सगळा भार टाकला. चर्रर्र असा आवाज झाला. बुडापासून दोन बोटं आत चीर गेली. तीही छाटावी लागली. सकाळी हातभर असलेलं शिंग आता वीतभर उरलं होतं, आणि त्याचं मूळ टोक आणि मूळ बूड अशी दोन्ही घराणी कचऱ्याच्या बादलीत एकत्र नांदत होती.

व्याही मात्र खचले नाहीत. त्यांनी शिंग हातात फिरवून पाहिलं आणि जाहीर केलं की हे आता बारुदीचं शिंग नाही, रंजकीचं आहे. चकमकीच्या बंदुकीत नळीतली बारूद पेटवायला बाहेर कानाशी चिमूटभर अगदी बारीक बारूद घालावी लागते, ती रंजक. ती ठेवायला असं लहान शिंग वेगळं करत. म्हणजे मी जे केलं होतं त्याला शास्त्रात जागा होती. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या भरात मी सुरीच्या कामातही मदत करू का म्हणून विचारलं.

त्यांनी एका जुन्या कानशीपासून पातं घडवलं होतं. कानशीचं पोलाद उत्तम. पातं भट्टीत तापवायचं, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, आणि मग तेलात बुडवून पाणी द्यायचं. पाणी दिल्यावर पोलाद इतकं कडक होतं की त्यावर दुसरी कानस नुसती घसरते. पण ते तितकंच ठिसूळही होतं. म्हणून लगेच मंद आचेवर दोन तास शेकून कडकपणा थोडा उतरवायचा. पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की झालं. हे शेवटचं काम ते स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करत. एवढ्याला विहीणबाईंची परवानगी होती. पाणी देऊन त्यांनी पातं माझ्या हाती दिलं, "चारशेवर, दोन तास" एवढं सांगितलं आणि ते मुठीसाठी मेपलचं लाकूड आणायला गेले.

चारशे! माझ्यातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला. अमेरिकन माणूस फॅरनहाइटमध्ये बोलतो, हे मला ठाऊक होतं. चारशे फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ दोनशे चार सेल्सिअस. हा हिशोब मी कागदाशिवाय केला आणि स्वतःवर खूश होऊन ओव्हनचं बटण दोनशेवर फिरवलं. ओव्हनही अमेरिकन आहे आणि तोही फॅरनहाइटमध्येच तापतो, हे माझ्या हिशोबात कुठेच आलं नाही. दोन तास ते पातं, वरण गरम राहावं इतपत आचेत आरामात पडून राहिलं. मधूनमधून मी काचेतून बघत होतो. पिवळा रंग काही चढेना. पण पोलाद फार उत्तम प्रतीचं असल्यामुळे ते रंग बदलत नसावं, असं मी ठरवलं.

व्याही आले. मी पातं चिमट्यानं काढून ओट्यावर ठेवायला गेलो, ते निसटलं आणि फरशीवर पडलं. पोलाद पडल्यावर खण्ण वाजतं, तसं ते वाजलं नाही. काचेची बशी फुटल्यावर येतो तसला आवाज झाला आणि एका पात्याची दोन झाली.

घरात शांतता पसरली. विहीणबाई फ्रिजकडे वळून काहीतरी शोधू लागल्या. व्याही गुडघ्यावर बसले, दोन्ही तुकडे उचलले, खिडकीपाशी नेले आणि तुटलेल्या कडेकडे भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, माणूस आपलं दुःख आवरतोय. मग ते समाधानानं म्हणाले, "दाणा फार सुरेख आलाय." पोलाद भट्टीत जास्त तापलं तर तुटलेल्या कडेला दाणा जाड, वाळूसारखा दिसतो. नेमकं तापलं असेल तर बारीक, राखाडी, मखमली. आपल्या पात्याचा दाणा कसा आहे हे कळायचं तर पातं मोडून बघावं लागतं, आणि मोडलेलं पातं कामाचं राहत नाही. त्यामुळे आजवर त्यांनी केलेल्या सुऱ्यांचा दाणा त्यांना कधी बघायलाच मिळाला नव्हता. माझ्यामुळे मिळाला. त्यांनी जावयालाही फोन करून सांगितलं.

टोकाकडच्या तुकड्यातून त्यांनी चिंधी कापायची सुरी केली. यावेळी ओव्हन स्वतः लावला.

उरलं कोरीवकाम. मला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. शिवाय नातवाचं नाव देवनागरीत कोरायचं ही कल्पना त्यांचीच होती आणि देवनागरी येणारा पुरुष घरात मी एकटा. नातवाचं नाव लेकीनं आणि जावयानं दोन्ही खंडांची मनं राखून ठेवलेलं, चांगलं ऐसपैस, जोडाक्षरासकट. मी मजकूर तयार केला: 'चि.', नातवाचं नाव, मग 'यास आजोबांकडून सप्रेम भेट', मुक्काम लँकेस्टर, आणि साल. भांडीवाल्यानं अक्षरामागे पैसे लावले असते तर मी दिवाळखोर झालो असतो.

रोमन अक्षरं सुटी सुटी बसतात, एखादं खाली घसरलं तरी खपतं. आपल्याला शिरोरेखा लागते. कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेनं सुईनं रेघ ओढायची, असं ठरलं. पण शिंग निमुळतं. निमुळत्या वस्तूभोवती सरळ पट्टी गुंडाळली की ती जिथून निघाली तिथे परत येत नाही, वाटेत हळूहळू घसरते. माझी शिरोरेखा 'चि.'पासून निघाली, शिंगाला वळसा घालून आली आणि बघते तर 'चि.' एक मजला वर. 'आजोबांकडून'मधले आजोबा पहिल्या मजल्यावर राहिले आणि 'कडून' खाली तळमजल्यावर उतरलं. 'सप्रेम भेट'ला तर जागाच नव्हती, तरी मी ती दाटीवाटीनं बसवली, आणि 'भेट'ची मात्रा काढताना सुई सटकून शेजारी आणखी एक मात्रा उमटली. मग काजळीत तेल कालवून वर चोळलं आणि फडक्यानं पुसलं. काजळी फक्त चरांमध्ये राहते आणि अक्षरं काळीभोर उठून दिसतात. उठून दिसली.

व्याही थक्क झाले. हे वळण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणाले, हे तर संस्कृत मंत्रासारखं दिसतं.

लेकीनं शिंग हातात घेऊन गोल फिरवत वाचलं. "बाबा, 'भैट' म्हणजे काय?"

कोरीवकाम चुकलं तर ते खरवडून काढता येतं, ही शिंगाची मोठी सोय आहे. काचेच्या धारदार तुकड्यानं वरचा थर उतरवायचा. मी तो उतरवला, पुन्हा कोरलं, पुन्हा उतरवला. आखूड झालेलं शिंग आता बारीकही होऊ लागलं. मजकूरही उतरत गेला. आधी 'सप्रेम भेट' गेली, मग मुक्काम, मग आजोबा. शेवटी शिंग उजेडाकडे धरलं तर पलीकडची खिडकी दिसू लागली, तेव्हा व्याह्यांनी सुई माझ्या हातातून काढून घेतली. शिंगावर उरलं ते नातवाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि साल. ते अक्षर मात्र झोकात आलंय. शिरोरेखा आखूड असल्यानं तिला घसरायला वावच मिळाला नाही.

बुडाचं झाकण व्याह्यांनी अक्रोडाच्या लाकडाचं केलं आणि मधोमध माझं दहा रुपयांचं नाणं बसवलं. त्याचंही कारण आहे. निघताना त्यांनी मोडक्या पात्याचा दुसरा तुकडा, त्यालाही मेपलची मूठ बसवून, मला भेट म्हणून पुढे केला आणि बदल्यात एक नाणं मागितलं. धारेची वस्तू फुकट दिली तर मैत्री तुटते, नाण्याला विकली तर तुटत नाही, असं त्यांच्याकडे मानतात. माझी बायको लगेच पुढे झाली. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, खाली ठेवावी, हे ती मला लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. सुरी टेबलावर ठेवली गेली, मी नाणं ठेवलं, दोघांनी आपापलं उचललं. त्या घरात विधी म्हणून जे काही झालं ते एवढंच, आणि ते पहिल्यांदाच दोन्हीकडच्यांना समजलं.

मुठीला हरणाच्या शिंगाची कांडी लावावी असं त्यांच्या मनात होतं. मीच नको म्हटलं. आपल्याकडे सांबर-चितळाच्या शिंगांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि विमानतळावर पेनसिल्व्हेनियाचं हरीण आणि मेळघाटचं सांबर यांतला फरक समजावण्याइतकं माझं इंग्रजीच काय, मराठीही पुरेसं नाही. सुरीबद्दलही मी नियम पाहून ठेवला होता. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल, आणि ते घरकामाचं वा शेतीचं नसेल, तर परवाना लागतो. मुंबईला उतरल्यावर मी आपण होऊन कस्टमच्या टेबलापाशी गेलो आणि सुरी, तिची लांबी, रुंदी, दोन्हीकडची कुटुंबं आणि ओव्हन असं सगळं क्रमवार सांगायला लागलो. पातं अडीच इंच होतं. तिथल्या पोरानं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, यानं पेरू तरी कापेल का? जा."

म्हणजे अखंड राहिलं असतं तर कदाचित चौकशी झाली असती. मोडलं म्हणून निर्धास्त आलं. हे मी बायकोच्या नजरेस आणून दिलं.

खरं सांगायचं तर वारसा हा प्रकार आखूड होण्यासाठीच असतो. पणजोबांच्या जमिनीच्या वाटण्या होत होत आमच्या वाट्याला एक नारळ आणि दीड पायरी आली. व्याह्यांच्या आजोबांची सुरी धार लावता लावता काडी झाली. पुढच्या पिढ्या वापरतात, वाटून घेतात, झिजवतात, म्हणूनच ती वस्तू वारसा ठरते. जी हातभर असते आणि हातभरच राहते, ती कपाटातली शोभेची वस्तू. या दृष्टीनं पाहिलं तर नातवंडा-पतवंडांनी शंभर-दोनशे वर्षांत करायचं काम मी एकट्यानं, बाळंतिणीचे लाडू संपायच्या आत उरकून दिलं होतं. आखूडशिंगी, बहुदुधी आणि गरीब गाय सगळ्यांनाच हवी असते. आखूडशिंगीचा भाग मी पार पाडला, दुधाचं पुढच्यांनी बघावं. हा विचार मी घरात मांडला. बायको तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. पुन्हा गोड बातमी आहे. डिंक, अळीव, बाळंतशेप यांची यादी सुरू झाली. पाठोपाठ व्याह्यांचा एक फोटो आला. टेक्सासच्या लाँगहॉर्न जातीच्या बैलाचं एकच शिंग, भिंतीला टेकवून उभं केलेलं, आणि शेजारी आमचा नातू. नातू आता चांगला उभा राहतो. शिंग त्याच्याहून उंच होतं. खाली व्याह्यांनी विचारलं होतं, एवढं पुरेल ना?

बायकोनं चष्मा लावला, फोटो मोठा करून शिंग टोकापासून बुडापर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "आणखी एक मागवून ठेवा म्हणावं."